प्रांटलची पन्हळ घरी कशी करावी

मी पत्र्याचा माणूस. नाशकात सातपूर आणि अंबडच्या एमआयडीसीत छत्तीस वर्षं डक्टिंग केलं. डक्टिंग म्हणजे हवेची गटारं, असं आमची मंडळी म्हणते आणि ते काही चूक नाही. आता शेड भाचा बघतो. माझ्या वाटणीला कोपऱ्यातलं एक टेबल, लाकडी मोगरी, पत्रा कापायच्या दोन कात्र्या आणि सातवीतली नात एवढंच उरलंय. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी त्या टेबलावर सव्वाशे वर्षांपूर्वीचं एक यंत्र उभं केलं. पत्र्याची पन्हळ, हाताने फिरवायचं चाक, पाणी आणि चिमूटभर अभ्रक. विमानाच्या पंखाला धरून चाललेला ओघ मध्येच त्याची साथ कुठे सोडतो, ते यात डोळ्यांनी दिसतं. कृती लिहून ठेवतो, कारण आमचा एक पत्रा वाया गेला, तुमचा जाऊ नये.

यंत्र ज्याचं, त्याची ओळख आधी. लुडविग प्रांटल. जन्म ४ फेब्रुवारी १८७५, जर्मनीत म्युनिकजवळच्या फ्रायझिंग गावचा. म्युनिकला १९०० साली डॉक्टरेट केली ती तुळयांवर, म्हणजे वजनाने तुळई आडवी कशी पिळवटते त्यावर. पाण्याशी, हवेशी काही संबंध नाही. मग नोकरी लागली न्यूरेंबर्गच्या यंत्रांच्या कारखान्यात, आणि तिथे पहिलं काम काय मिळालं असेल? लाकडाच्या छिलक्या ओढून नेणारा नळ सुधारायचा. सुताराच्या शेडमध्ये भुसा ओढणारा पाइप असतो ना, तोच!

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून चहा मागवला. विमानविद्येचा बाप म्हणतात तो माणूस माझ्याच धंद्यातून गेलेला.

त्या नळाचा एक भाग पुढे रुंद होत जाणारा होता. हिशेब असा, की नळ रुंद झाला की हवा मंदावते आणि मंदावताना गमावलेला दाब परत मिळतो. कागदावर मिळत होता, नळात मिळेना. प्रांटलच्या लक्षात आलं की हवा नळाची भिंत सोडून मधूनच पळतेय, रुंदीचा तिला पत्ताच नाही. आपण केलेली दुरुस्ती चालली, एवढ्यावर दुसरा कोणी खूश झाला असता. हा माणूस 'भिंत का सोडते?' हे डोक्यात घेऊन १९०१ मध्ये हॅनोव्हरच्या तंत्रशाळेत प्राध्यापक म्हणून गेला. वय २६. तिथे त्याने ही पन्हळ केली.

आता कृती.

पत्रा जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, जाडी २४ गेज. दुकानात आठ बाय चारचा पूर्ण पत्रा घ्या म्हणतील, पण डक्टवाल्यांकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, ते किलोवर मिळतात. आपल्याला १६२ बाय ६६ सेंटिमीटरचा तुकडा लागतो. त्यातून १२० लांब, २४ रुंद, २० खोल असा ट्रे निघतो आणि चहूबाजूंनी एकेक सेंटिमीटर काठ दुमडायला राहतो. काठ दुमडाच. नाहीतर पहिल्याच दिवशी नातीचं बोट कापेल आणि प्रयोग तिथेच संपेल.

कोपरे कापू नका. आमचा पहिला पत्रा इथेच गेला. मी सवयीने कोपरे कापून रिव्हेट मारले. डक्टला ते चालतं, हवा थोडी गळली तर कोण बघतो? पाणी बघतं. रात्रभरात टेबलाखाली थारोळं. कोपऱ्याचा पत्रा आत घेऊन पाकिटासारखी घडी घाला आणि ती बाजूवर चपटी ठोका, जुन्या पत्र्याच्या ट्रेला असायची तशी. मग गळायला सांधाच उरत नाही. ठोकायला लाकडी मोगरीच वापरा. लोखंडी हातोडीने जस्ताचा मुलामा उडतो आणि तिथे गंज धरतो.

प्रांटलची पन्हळ दीड मीटरची आणि दोन मजली होती. आपलीही दोन मजलीच. तळापासून १० सेंटिमीटरवर एक आडवी फळी बसवा, तीही पत्र्याचीच, ९० सेंटिमीटर लांब. म्हणजे दोन्ही टोकांना पंधरा-पंधरा सेंटिमीटर मोकळे राहतात. पाणी वरच्या मजल्यावरून जातं, एका टोकाला खाली उतरतं, खालून परत येतं आणि दुसऱ्या टोकाला वर चढतं. फळी काळी रंगवा, चमक नको. शाळेच्या फळ्याचा रंग उत्तम. अभ्रक पांढरं चमकतं, खाली काळं नसेल तर काही दिसत नाही.

चाकाला ८ मिलिमीटरची सळई, तिच्यावर सहा पाती, प्रत्येक २२ सेंटिमीटर रुंद. सळईच्या मध्यापासून पात्याच्या टोकापर्यंत ९ सेंटिमीटर. सळई ट्रेच्या काठावरच्या खाचेत ठेवायची, आत पाइपचा अर्धा तुकडा बुश म्हणून, सळई टेकून फिरायला. आस काठावर, म्हणजे तळापासून २० सेंटिमीटरवर आला की पात्याचं टोक फळीपासून एक सेंटिमीटर वर फिरतं. सळई पाण्याच्या वर असल्याने तिथून गळायचा प्रश्न नाही. शेवटाला सळई वाकवून हँडल करा.

चाकाची जागा नीट वाचा, इथे सगळे चुकतात. बघायची जागा चाकाच्या पुढे ठेवू नका. पाती पाण्याला थपडा मारतात, त्यामुळे चाकापुढचं पाणी कायम बिथरलेलं असतं. बघायची जागा चाकाच्या मागे हवी. म्हणजे चाक पाणी ढकलत नेतं ते पलीकडच्या टोकाकडे, आणि आपण बघतो ते अलीकडून शांतपणे चाकाकडे ओढलं जाणारं पाणी.

खालून वर चढणारं पाणीही गोंधळलेलंच येतं. त्याला रांगेत उभं करायला जाळ्या. प्रांटलने चार चाळण्या लावल्या होत्या. मी म्हटलं, जर्मन माणूस, अतिकाळजी करणार, दोनात भागेल. नाही भागलं. पाणी डुलतच राहिलं. खिडकीच्या मच्छरजाळीचे चार तुकडे पत्र्याच्या चौकटीत बसवून तीन-तीन सेंटिमीटरवर उभे केले, तेव्हा कुठे ओघ सरळ झाला.

पाणी १७ सेंटिमीटर भरा. फळीवर सात सेंटिमीटर खोली मिळते. सगळं मिळून साधारण ४९ लिटर होतं, म्हणजे जवळपास पन्नास किलो. डुगडुगत्या टेबलावर हा उद्योग करू नका आणि भरलेली पन्हळ उचलायला तर मुळीच जाऊ नका.

आता अभ्रक. प्रांटलने पाण्यात अभ्रकासारख्या बारीक चकत्यांचं लोहखनिज मिसळलं होतं. चकत्या ओघाप्रमाणे वळतात, उजेड परतवतात आणि पाण्याची चाल उमटते. आपल्याकडे रेझिनच्या वस्तू करणाऱ्यांच्या दुकानात मायका पावडर नावाने खरं अभ्रकच मिळतं. चांदीच्या रंगाची घ्या. कोरडी पूड थेट टाकली तर वर तरंगते आणि नाकातही जाते. वाटीत भांडी घासायच्या लिक्विडच्या एका थेंबात कालवून मग सोडा. पाव चमचा पुरे. नातीने पहिल्या दिवशी मूठभर टाकली. पन्हळीचं रंगपंचमीचं रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद झाला, फक्त रंग चांदीचा. सगळं पाणी उपसावं लागलं.

उजेड वरून नको. खोलीतला दिवा घालवा आणि एक टॉर्च बाजूने, काठाच्या उंचीवर आडवी लावा. फोन चित्रीकरणासाठी वर घोड्याला, म्हणजे स्टँडला बांधा. मिनिटाला वीसेक फेरे चाक फिरवलं की कागदाचा कपटा अर्धा मीटर पाच सेकंदांत जातो, म्हणजे सेकंदाला दहा सेंटिमीटर. हाच वेग धरा. हात एका लयीत हवा. जात्यावर दळलेल्या बाईचा हात असेल घरात, तर तिला बसवा. आमच्याकडे माझ्या सासूबाईंनी जे फिरवलं, तसं कोणालाच जमलं नाही.

पहिलं बघायचं ते स्टीलच्या फूटपट्टीचं. ती ओघाच्या दिशेने उभी धरा, खाली मळलेल्या कणकेचा गोळा लावून. बाहेरचं अभ्रक सरसर जाईल. पट्टीलगत मात्र एक बारीक किनार दिसेल, जिथलं अभ्रक रेंगाळतंय, आणि अगदी पट्टीला टेकलेलं तर हलतच नाही. पुढच्या टोकापासून दहा सेंटिमीटरवर ही किनार साधारण पाच मिलिमीटर जाड येते. मोजून बघा.

ही किनार म्हणजेच सीमास्तर. प्रांटलचा सगळा शोध या पाच मिलिमीटरमध्ये आहे. त्याच्या आधी दीडशे वर्षं गणिती लोक पाण्याचं घर्षण नगण्य धरून हिशेब करत होते, आणि हिशेबात उत्तर यायचं की पाण्यातल्या वस्तूला काही अडथळाच होत नाही. १७५२ मध्ये दालांबेरने ते मांडून ठेवलं होतं. गंगापूर धरणात होडी वल्हवणारा कोणीही सांगेल की अडथळा होतो. प्रांटलने मध्यम मार्ग काढला नाही, त्याने वाटणी केली. पाण्याचे दोन भाग करा. भिंतीलगतचा पातळ थर, तिथे घर्षणाचंच राज्य. बाकी सगळं पाणी, तिथे घर्षण खुशाल विसरा. ऑगस्ट १९०४ मध्ये हायडलबर्गला गणितज्ञांच्या तिसऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने हे सांगितलं. छापलेला निबंध जेमतेम आठ पानांचा. बहुतेकांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्याच वर्षी फेलिक्स क्लाइन या गणितज्ञाने प्रांटलला गॉटिंगेनला बोलावून घेतलं. पुढचं आयुष्य तिथेच, १५ ऑगस्ट १९५३ ला गेला तोपर्यंत.

दुसरं, पाइपचा तुकडा. पीव्हीसीचा, बाहेरून ३२ मिलिमीटरचा, ओघात उभा. पाणी पूर्ण थांबू द्या आणि मग चाक सुरू करा. पहिली एक-दोन सेकंदं फार मोलाची आहेत, फोन आधीच चालू ठेवा. सुरुवातीला पाणी पाइपला वळसा घालून मागे छान मिटतं, पुस्तकातल्या आकृतीसारखं. मग मागच्या अंगाला, दोन्हीकडे, भिंतीलगतचं अभ्रक थबकतं. थबकतं आणि उलटं फिरतं. तिथून ओघ पाइप सोडतो आणि मागे दोन भोवरे बसतात.

का, ते नातीला मी घाटाच्या उदाहरणाने सांगितलं. पाइपच्या मागच्या अर्ध्या भागात दाब वाढत जातो, म्हणजे पाण्याला चढ लागतो. बाहेरचं पाणी वेगात असतं, ते चढ काढून जातं. भिंतीलगतचा थर आधीच घर्षणाने दमलेला. कसारा घाटात भरलेला ट्रक वेग गमावून बसला की काय होतं? आधी थांबतो, मग मागे सरकतो, आणि मागून येणाऱ्यांना त्याला वळसा घालून जावं लागतं. विमानाचं नाक प्रमाणाबाहेर वर केलं की पंखाच्या पाठीवर हेच होतं आणि पंख उचल सोडतो. ओझरहून सुखोई उडाला की शेडमधली सगळी बाहेर धावतात, नात आता पंखाकडे बोट दाखवून म्हणते, आजोबा, दमला का तो थर?

चाक फिरवत राहा. दोन भोवरे फार वेळ जागेवर बसत नाहीत. एकदा डावा सुटतो, एकदा उजवा, साधारण दीड सेकंदाला एक जोडी. रामकुंडावर गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या मागे पाणी असंच डावं-उजवं झुलतं. आपण सगळे तिथे जातो ते पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढंच बघायला. पुढच्या पुरात लांबून, पुलावरून, मूर्तीच्या मागे बघा.

याचीही एक गंमत आहे. १९११ च्या सुमारास गॉटिंगेनला कार्ल हीमेंत्स नावाचा विद्यार्थी प्रांटलच्या हाताखाली पाण्यातल्या नळकांड्याचं मोजमाप करत होता. मागचं पाणी झुलणं थांबेना. प्रांटलने सांगितलं, तुझं नळकांडं नीट गोल नसेल. त्याने ते घासून गोल केलं. पाणी झुलतच राहिलं. मग पन्हळ सारखी नसेल म्हणून तीही सारखी केली. तिथेच थिओडोर फॉन कारमान नावाचा तरुण हंगेरियन होता. तो रोज सकाळी विचारायचा, थांबलं का? रोज उत्तर नाही. शेवटी कारमानने बसून हिशेब केला, की ही चूक नाहीच, भोवऱ्यांची ही आळीपाळीची रांगच टिकाऊ असते. आज त्या रांगेला कारमानचं नाव आहे. मला कारमानपेक्षा तो कानस घेऊन बसलेला हीमेंत्स जवळचा वाटतो. गुरूसारखा गुरूही चुकीच्या जागी घासायला लावतो!

गुरू म्हणून प्रांटल मोठाच होता. पण हिटलरच्या काळात जर्मन हवाई मंत्रालयाच्या संशोधनात तो वरच्या जागी राहिला, हेही खरं. हायझेनबर्गवर नाझींचं किटाळ आलं तेव्हा १९३८ मध्ये त्याच्या बाजूने हिमलरला पत्र लिहिणाराही तोच. मला या दोन गोष्टींची बेरीज करता येत नाही, मी करत नाही.

तिसरा प्रयोग जरा खटपटीचा, पण प्रांटलने १९०४ च्या निबंधातच त्याचे फोटो दिले होते. त्याच पाइपला खालून एमसील लावून बूच मारा आणि एका बाजूला सहा सेंटिमीटर लांब उभी चीर पाडा, हॅकसॉच्या पात्याच्या जाडीची. वरून पाहताना पाणी घड्याळातल्या बाराकडून येतंय असं धरा, तर चीर चारवर यावी. पाइपच्या आत बारीक नळी सोडून तिचं दुसरं टोक जमिनीवरच्या बादलीत, ओढून पाणी सुरू करायचं, डिझेल काढतात तसं. आता चिरेतून दमलेला थर आत शोषला जातो. चिरेच्या बाजूचा ओघ पाइपला चिकटून मागपर्यंत वळतो, दुसऱ्या बाजूचा पूर्वीसारखाच सुटतो. एकाच पाइपची दोन रूपं. बादलीतलं पाणी मगाने परत ओतत राहा, तीन लिटर गेले की पातळी सेंटिमीटरभर उतरते.

आता माझा हिशेब.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका फर्निचरवाल्याचं भुसा ओढायचं काम घेतलं होतं. ब्लोअरच्या पुढे आठ इंच रुंद चौकोनी डक्ट बारा इंचांचा करायचा होता. मधे भिंत, म्हणून लांबी मिळाली दहा इंच. दहा तर दहा. मी पत्रा वाकवला आणि बसवला, दिसायला देखणा. ओढ काही मिळेना. रंध्याखालचा भुसा उचलेना आणि रुंद तोंडाच्या एका कोपऱ्यात भुशाची ढेकळं साठायला लागली. मालक म्हणाला, काम चुकलंय. मी म्हटलं, मोटर लहान आहे, मोठी लावा. शब्दाला शब्द वाढला. शेवटचे पैसे आले नाहीत, आणि मी गावभर त्यालाच बुडव्या म्हणत फिरलो.

पन्हळीत मी इंचाच्या जागी सेंटिमीटर घेतले. सात सेंटिमीटर उंच पत्र्याच्या दोन पट्ट्या, आधी दहा सेंटिमीटर समांतर, मधे अंतर आठ. मग दहा सेंटिमीटर लांबीत ते बारा होतं. तोंडाच्या दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागा तुकडे लावून बंद केल्या, नाहीतर पाणी बाहेरून पळतं. हा कोन होतो जवळपास २३ अंश. सासूबाईंनी हँडल धरलं. पाणी आलं, रुंदीला लागताक्षणी डाव्या पट्टीला धरून सुळकन निघून गेलं. उजव्या कोपऱ्यात अभ्रक गोल गोल फिरत बसलं, आणि पट्टीलगतचं चक्क उलटं, तोंडाकडे येत होतं. माझी ढेकळं बरोबर तिथे होती.

डक्टवाल्यांसाठी आकडा: रुंदीचा एकूण कोन सात अंशांच्या आसपास ठेवा. सोपं करून सांगायचं तर दर इंच वाढीला आठ इंच लांबी. आठाचा बारा करायला बत्तीस इंच. पन्हळीत बत्तीस सेंटिमीटरच्या पट्ट्या लावल्या तेव्हा पाणी बऱ्यापैकी दोन्ही भिंती धरून गेलं, शेवटाला थोडं कुरकुरलं एवढंच.

पण माझ्याकडे बत्तीस इंच नव्हतेच, भिंत होती. हे मी बोलून दाखवलं. नातीने विचारलं, मग मधे अजून भिंती घातल्या तर? मी उरलेल्या पत्र्यातून दोन पट्ट्या कापल्या आणि त्या दहा सेंटिमीटरच्या रुंदीत पंख्याच्या काड्यांसारख्या उभ्या केल्या. २३ अंशांचे तीन गाळे झाले, प्रत्येक साडेसात-पावणेआठ अंशांचा. पाणी तिन्ही गाळ्यांतून गेलं. उजव्या गाळ्यात जरा डुललं, पण उलटं फिरलं नाही.

ब्लोअरपुढच्या दहा इंचांत दोन पट्ट्या. नवी मोटर नको, भिंत फोडायला नको, अर्ध्या तासाचं काम.

फर्निचरवाल्याचा नंबर अजून जुन्या डायरीत आहे. पाणी उपसताना एक सांभाळा: अभ्रक रात्रभर तळाशी बसू द्या, वरचं पाणी कुंड्यांना घाला आणि खालचा गाळ फडक्यातून गाळून डबीत ठेवा, पुढच्या वेळी चालतो.